अठ्ठावीस डिग्री पाण्यात ड्रायसूट

गोव्यात राहून ड्रायसूट, म्हणजे थंड पाण्यात डाइव्ह करताना अंग कोरडं ठेवणारा पोशाख, घेतला असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, अगं पण इथं पाणी तर कोमट असतं ना? असतं. ग्रांडे बेटापाशी डिसेंबर-जानेवारीतही माझा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि तापमान दाखवणारं यंत्र) २७-२८ दाखवतो, आणि मे महिन्यात तर पाण्यात शिरल्यावरही गार वाटत नाही. इथं बहुतेक जण पातळ वेटसूटवर डाइव्ह करतात, काही जण नुसत्या टीशर्टवर. मग मी हे रबराचं धूड अंगावर का चढवते, तर जूनमध्ये आम्ही आइसलंडला जातोय आणि मला सिल्फ्रात उतरायचंय. थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानात जमिनीला पडलेली भेग आहे ती, उत्तर अमेरिका आणि युरेशिया अशा दोन भूपट्टांच्या मधली, त्यात हिमनदीचं वितळलेलं पाणी वर्षानुवर्षं लाव्हाच्या दगडातून झिरपत येतं आणि इतकं स्वच्छ असतं की शंभर मीटरपर्यंत दिसतं. आपल्याकडे चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसलं की आम्ही बोटीवर टाळ्या वाजवतो, त्यामुळे शंभर मीटर हा आकडा वाचून मी दोन रात्री नीट झोपले नव्हते. पण ते पाणी बारा महिने २ ते ४ डिग्री असतं, आणि तिथं ड्रायसूटचं सर्टिफिकेट किंवा गेल्या दोन वर्षांतल्या दहा ड्रायसूट डाइव्हची नोंद दाखवल्याशिवाय उतरू देत नाहीत.

म्हणून दहा डाइव्ह. आतापर्यंत सात झाल्या. त्या सातांत जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण मराठीत शोधलं तेव्हा मला यावर काहीच सापडलं नाही. आणि थंडीच्या सामानाचं गोव्याला नवल नसावं, १९८१ च्या डिसेंबरमध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली होती आणि आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आमच्या वास्कोतच आहे, सड्यावर. तिथून जाताना मी हल्ली जरा वेगळ्या नजरेनं बघते.

आधी थोडक्यात, हा सूट असतो काय. वेटसूटमध्ये पाणी आत येतं, अंगाला लागून त्याचा पातळ थर राहतो, तो शरीराच्या उबेनं गरम होतो, बस. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही. मानेला आणि मनगटांना लॅटेक्सचे घट्ट सील, पायात जोडलेले बूट, पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पितळी वॉटरप्रूफ झिप. आत आपण इनर घालतो आणि ऊब राहते ती त्या इनरमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं, म्हणून हा सगळा खटाटोप. छातीवर एक व्हॉल्व्ह, त्याला सिलिंडरकडून आलेली होज, म्हणजे नळी, बटण दाबलं की सूटमध्ये हवा येते. डाव्या दंडावर दुसरा व्हॉल्व्ह, त्यातून हवा बाहेर जाते. म्हणजे पाठीवरचं बीसीडी, हवा भरून तरंगायचं जाकीट, आहेच आणि वर अंगभर आणखी एक फुगा. एकाच वेळी दोन फुगे सांभाळायचे.

माझा सूट सेकंडहँड आहे. मला डाइव्हिंग शिकवणाऱ्या सरांच्या ओळखीचा एक मुलगा स्कॉटलंडमध्ये शिकत होता, परत येताना त्यानं विकला, ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे नायलॉनच्या दोन थरांत रबर असतं तो. जुलैत हातात आला. उघडून बघितला तर कापड ठणठणीत पण मानेचा सील बोटाला चिकटत होता, जुन्या रबरबँडला हात लावल्यावर होतं ना तसं. लॅटेक्सचं आयुष्य मुळात थोडंच, त्यात ऊन, तेल, ऑझोन यांनी ते लवकर मरतं. तसेही ते सील एका उंच मुलाच्या मनगटाच्या मापाचे कापलेले होते, माझ्या हाताला त्यांचा उपयोग नव्हता. सरांनी तिन्ही सील काढले, नवीन चिकटवले. मनगटाच्या जागी पीव्हीसी पाइपचा तुकडा आत घालून कापड ताणून धरलं, जुना गोंद खरवडला, सॅन्डपेपर मारला, नवीन गोंद लावून वर चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. पावसाळ्याची दमट हवा, म्हणून खोलीत एसी लावून ठेवला होता. मी त्या चोवीस तासांत तीन वेळा दाराशी जाऊन आले.

आणि मग सील कापायचा प्रकार. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

नवीन सील शंकूसारखा येतो, टोकाला अगदी बारीक. त्यावर गोल गोल रेघा असतात. आपल्या मापाला बसेपर्यंत टोकाकडून एकेक रेघ कापत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एक रेघ कमी कापली तर मान आवळते, एक जास्त कापली तर पाणी येतं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. कात्री नवी आणि धारदार पाहिजे, एका दमात सरळ गोल फिरवायची, मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं की तिथं बारीक दातरा राहतो आणि पुढं कधीतरी सूट चढवताना तिथूनच सील टरकन फाटतो. आईच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आम्ही हे केलं, सीलमध्ये आतून स्टीलचा डबा घालून, म्हणजे रबर ताणलेलं राहतं आणि रेघ नीट दिसते. सर डबा हळूहळू फिरवत होते आणि मी कात्री स्थिर धरली होती. पहिली चकती डब्यावरून सुटून ओट्यावर पडली, बांगडीसारखी, आणि आपोआप आक्रसून अर्ध्या आकाराची झाली. तेव्हा कळलं की हे रबर किती जोरानं आवळत असणार.

मनगटांचं लवकर जमलं. मानेचं नाही. तीन चकत्या कापून झाल्यावर मला वाटलं झालं, घट्ट आहे पण घट्ट असायलाच हवा ना, पाणी येऊ द्यायचं नाहीये. सूट घालून आरशासमोर उभी राहिले, झिप लावली, एक मिनिट, दोन मिनिटं, आणि मग डोळ्यांपुढं एकदम अंधारी आली, कान बंद झाल्यासारखे, पाय कापसाचे. सरांनी पटकन दोन बोटं सीलमध्ये घालून तो मानेपासून लांब ओढला, आणि दहा सेकंदांत सगळं पूर्ववत. मानेच्या दोन्ही बाजूंना, नाडी लागते तिथं, कॅरोटिड सायनस म्हणून जागा असते, रक्तदाबावर लक्ष ठेवणारी. तिच्यावर बाहेरून दाब पडला की शरीराला वाटतं रक्तदाब वाढलाय, ते हृदयाचे ठोके कमी करतं, दाब उतरवतं, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. घरात आरशासमोर झालं म्हणून ठीक. पाण्याखाली झालं असतं तर हे लिहायला मी नसते. म्हणून ज्या कुणाला हा सूट घ्यायचाय त्यांना कळकळीनं सांगते, नवीन सील लावला की घरी, जमिनीवर, कुणीतरी सोबत असताना, निदान वीस मिनिटं घालून बसा, मान डावीउजवीकडे वळवा, बोला, पाणी प्या. घट्ट हवा, पण त्यात विसरून जाता आलं पाहिजे. मी नंतर आणखी दोन रेघा कापल्या, मधे एक रात्र डब्यावर ताणून ठेवला, आणि मग बसला.

आपल्याकडच्या बायकांसाठी काही गोष्टी, ज्या इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मंगळसूत्र, चेन, बांगड्या, हातातला दोरा, सगळं घरी ठेवायचं. केसाची एक बट जरी मानेच्या सीलखाली अडकली तरी तिच्या कडेनं पाणी आत येतं, वातीनं तेल वर चढावं तसं. मी आता घट्ट वेणी घालून ती वर बांधते आणि पातळ हुड आधी चढवते, मग सूट, मग हुड काढते. नखं कापलेली हवीत, सील ओढताना नेहमी बोटांच्या पेरांनी, नखांनी कधीच नाही. आणि तेल. आमच्या घरी रविवारी सकाळी डोक्याला खोबरेल तेल ही पक्की पद्धत, आणि डाइव्हही रविवारीच. तेल आणि लॅटेक्स यांचं अजिबात जमत नाही, सनस्क्रीनचंही नाही. सील चढवायला पावडर लावायची तीही बिनवासाची साधी टाल्क, सुवासिक नको, त्या सुगंधातही तेलकट द्रव्यं असतात. आता आई शनिवारी दुपारी तेल लावते आणि संध्याकाळी शिकेकाईनं न्हायला लावते.

स्विमिंग पूल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्र बंदच असतो, तर ओळखीनं एक पूल सकाळी लवकर मिळाला, खोली साडेतीन मीटर. पहिला धडा पाण्यात शिरायच्या आधीच, झिप लावून उकिडवं बसायचं, गुडघे छातीशी घट्ट, मानेचा सील एका बोटानं जरासा उघडायचा आणि आतली सगळी हवा फुस्सकन बाहेर घालवायची. मग सूट अंगाला चिकटतो. तसं नाही केलं तर पाण्यात बुडताच येत नाही.

खाली जाताना जे होतं त्याला स्क्वीझ म्हणतात. सूटमधली हवा दाबानं आक्रसते आणि कापडाच्या घड्या कातडीला चिमटे काढतात, गुडघ्यामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला. थंड देशात लोक आत जाड फ्लीस घालतात त्यामुळे घड्या तेवढ्या लागत नाहीत. मी गोव्याच्या उकाड्यात आत फक्त पातळ लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला होता. घरी गेले तर पायांवर लाल लाल रेघा, कुणी छडीनं मारल्यासारख्या. आईनं बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. हे काय गं? कुणी मारलं का तुला? तिला बॉइलचा नियम, दाब वाढला की हवा आक्रसते तो, समजावण्यात अर्धा तास गेला, मग तिनं पायांना तेल चोळून दिलं (पायांना चालतं, मनगटाला नाही). उपाय अगदी साधा, चिमटा बसायच्या आत बटण दाबायचं. थोडं थोडं, टिचकी मारल्यासारखं. फुस्स, थांब, फुस्स, थांब. दुखायला लागल्यावर हवा भरायची म्हटलं की जास्तच भरली जाते.

दुसरा धडा पाय. हवा नेहमी वर पळते. डोकं खाली गेलं की सगळी हवा बुटांत, आणि पाय फुग्यासारखे वर, माणूस उलटा, आणि हवा बाहेर जायचा व्हॉल्व्ह तर दंडावर, म्हणजे आता सगळ्यात खाली, हवेला वाटच नाही. त्यावर युक्ती अशी की गुडघे पोटाशी घ्यायचे, गोळा व्हायचं, कोलांटी मारून सरळ यायचं आणि लगेच डावं कोपर वर. वाचून कळत नाही हे. मी मुद्दाम उलटी होऊन पंधरा-सोळा वेळा केलं, पहिल्या चार वेळा घाबरले, पाचव्या वेळेपासून शरीरानं स्वतःहून केलं. डावं कोपर वर करताना मनगट मात्र खालीच ठेवायचं, नाहीतर हवा व्हॉल्व्हऐवजी मनगटाच्या सीलमधून बाहेर पडते आणि तिच्या जागी पाणी आत येतं.

तिसरा, होज काढायची. बटण अडकलं आणि हवा येतच राहिली तर? तर एका हातानं होजची कडी मागं खेचून ती सोडवायची आणि दुसऱ्या हातानं हवा काढायची. सरांनी डोळे मिटून वीस वेळा करायला लावलं, दर आठवड्याला.

ऑक्टोबरमध्ये समुद्र उघडला आणि खरी परीक्षा बोटीवरच झाली, पाण्यात नाही. नऊ वाजताचं ऊन, आणि मी रबरी पिशवीत. घाम बाहेर जायला वाट नाही, वारा आत यायला वाट नाही, अंग तापत जातं आणि सुरुवातीला आपल्या लक्षातही येत नाही, नुसती चिडचिड होते. माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, म्हणाली, अगं तुझा चेहरा बघ, लालबुंद झालाय. तेव्हापासून नियम केला, सूट कमरेपर्यंतच, हात आणि मान शेवटच्या क्षणी, बाकी सगळं तयार झाल्यावर. ब्रीफिंग आधी, वजनाचा बेल्ट आधी तयार, मास्क आधी, मग हात घालायचे, बडीनं झिप लावायची, शेवटच्या दातापर्यंत गेली का ते दुसऱ्यानं बघायचं, आणि लगेच पाण्यात. अंगावर दोन बादल्या पाणी ओतायचं. निघताना घरून कोकम सरबत, मीठ-साखर घालून, मोठी बाटली. आमच्या बोटीचे तांडेल काका पहिल्या दिवशी बराच वेळ गप्प बघत होते, मग म्हणाले, हें घालून तूं उदकांत देंवतली? मी म्हटलं, होय काका. त्यांनी काही न बोलता बादली भरली आणि माझ्या डोक्यावर ओतली. आता दर वेळी ते बादली भरून तयार ठेवतात, मला सांगावं लागत नाही.

त्या पहिल्या डाइव्हची एक गोष्ट मला जन्मभर आठवेल. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी आपल्या किनाऱ्यावर खोल समुद्रातलं गार पाणी तळाला सरकून येतं, त्यात ऑक्सिजनही कमी असतो, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मी वाचलं होतं, पण वेटसूटमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी कधी उतरले नव्हते. वरचं पाणी हिरवट, कोमट, दृश्यता जेमतेम तीन मीटर. अकरा मीटरला दगडाचा आधार घ्यायला हात पुढं केला आणि बोटांना एकदम गार लागलं, फ्रीजचं दार उघडल्यासारखं. कॉम्प्युटर बघितला, २३. समोर माझी बडी वेटसूटमध्ये खांदे आकसून, दोन्ही हात काखेत घालून होती. आणि मला फक्त हाताला गार. छाती, पाठ, पोट, सगळं कोरडं, नुकती आंघोळ करून पुसल्यासारखं. मी हात वर नेला, कोमट. खाली नेला, गार. वर, खाली. पाणी वेगळं आणि मी वेगळी आहे असं पाण्याखाली त्याआधी मला कधीच वाटलं नव्हतं.

आता दुसऱ्या डाइव्हची चूक. ती माझीच. घरी सूट धुताना दंडावरच्या व्हॉल्व्हमधून पाणी आत जाऊ नये म्हणून मी तो उजवीकडे फिरवून पूर्ण बंद केला होता, आणि बोटीवर उघडायला विसरले. खाली जाताना काहीच जाणवलं नाही, कारण तेव्हा हवा भरायचीच असते. सुझीज रेक या बुडालेल्या जहाजापाशी नऊ मीटरवर मस्त तरंगत होते, एक मोठा गोबरा मासा दगडाखालून बघत होता, त्याच्याकडे बघत बघत मी जराशी वर आले, एखादा मीटर, आणि आतली हवा फुगली, त्यामुळे आणखी वर, ती आणखी फुगली. मी कोपर वर केलं. नेहमी येतो तो सुर्र आवाज आलाच नाही. कॉम्प्युटर ओरडायला लागला. सहा मीटर, पाच. श्वास सोडत राहायचं, रोखायचा नाही, हे पहिल्या कोर्सपासून अंगात मुरलंय तेवढंच त्या क्षणी जमलं. सरांनी खालून माझ्या पायातला फिन धरला. त्या दोन सेकंदांत माझा उजवा हात आपसूक डाव्या दंडाकडे गेला, व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला, आणि हवा भडाभडा बाहेर पडली. वर येण्याआधी सुरक्षेसाठी थांबतात तसे आम्ही पाच मीटरवर थांबलो, नेहमीच्या तीनाऐवजी पाच मिनिटं. वर आल्यावर सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, चेकमध्ये काय राहिलं? तेव्हापासून पाण्यात उडी मारायच्या आधी मी डाव्या दंडाला हात लावून मोठ्यानं म्हणते, उघडा.

इथंच मला माझा मुद्दा मांडायचाय. लोक म्हणतात गोव्यात ड्रायसूट शिकून उपयोग काय, खोली नाही, थंडी नाही. मला उलटं वाटतं. हिशोब बघा. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. म्हणजे पृष्ठभागावरची एक लिटर हवा दहा मीटरवर अर्धा लिटर होते, पण तिथून आणखी दहा मीटर खाली गेलं तरी एक तृतीयांशच. सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्ये, आणि आमच्या ग्रांडेच्या डाइव्ह जवळजवळ सगळ्या त्याच पट्ट्यात. एक मीटर वरखाली झालं तरी सूट लगेच जाब विचारतो. इथं ज्याला स्थिर राहता आलं त्याला खोल पाण्यात सोपं जाईल. दुसरं म्हणजे बोटं उघडी असतात, बधिर नसतात, व्हॉल्व्ह, बटण, होजची कडी बोटांना कळते, ओळखीची होते. सिल्फ्रामध्ये जाड हातमोज्यांत गारठलेल्या हातांनी हे पहिल्यांदा शोधत बसायचं असतं तर मी गेलेच नसते. ज्या पाण्यात घाबरायचं कारण एकच असतं त्या पाण्यात आधी शिकावं, थंडीचं दुसरं कारण नंतर येऊ दे.

तरंगण्यासाठी सूटमध्ये हवा भरायची की बीसीडीत, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक तावातावानं बोलतात. एका बाजूचं म्हणणं, पाण्याखाली फक्त सूटच वापरा, एकच फुगा सांभाळायला लागतो. दुसरी बाजू म्हणते सूटमध्ये चिमटा जाण्यापुरती हवा, बाकी बीसीडीत. मी दोन्ही करून बघितलं आणि दुसऱ्या बाजूला गेले. सूटमध्ये हवा जास्त असली की ती इकडून तिकडे पळत राहते, आडवं झालं की पाठीवर, वळलं की कुशीत, आणि सगळा वेळ तिच्यामागे जातो. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा वजन बरोबर असतं. वजन जास्त घेतलं की ते झेलायला जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे परत तेच दुखणं. मी वेटसूटमध्ये पाच किलो शिसं लावते. ड्रायसूटला पहिल्या दिवशी अकरा लावलं, घाबरून. मग डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरली असताना तीन मीटरवर, दंडाचा व्हॉल्व्ह उघडा, बीसीडी रिकामं, अशा अवस्थेत थांबून एकेक किलो सरांच्या हातात देत गेले. नऊवर आले. पायांना बांधायची वजनं पण मिळतात, अर्धा अर्धा किलोची, पाय वर जाऊ नयेत म्हणून. वापरली एकदा, पोटऱ्या भरून आल्या, परत दिली. त्यापेक्षा सिलिंडर चार बोटं खाली सरकवला, तेवढ्यानं भागलं.

डावं मनगट मात्र गळत होतं. तीन डाइव्ह झाल्या तरी दर वेळी डावी बाही कोपरापर्यंत ओली. सील फाटलाय का बघायला घरी सगळा सूट फुगवला, मनगटांत पाण्याच्या बाटल्या, मानेत डबा, वरून रबरबँड, आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावलं. झिपवर नाही, शिवणीवर नाही, बूट नाही, कुठंच बुडबुडा नाही. सूट चांगला होता. मग कळलं, चूक हाताची. मूठ आवळून मनगट आत वळवा, दोन शिरा दोरीसारख्या उभ्या राहतात ना, त्यांच्यामध्ये पन्हाळी होते. मी कॅमेरा डाव्या हातात घट्ट धरायचे, आणि त्या पन्हाळीतून पाणी आत. सील दोन बोटं वर सरकवला, जिथं हात गोल आणि मऊ आहे तिथं, आणि कॅमेरा बडीकडे दिला. चौथ्या डाइव्हला दोन्ही बाह्या कोरड्या. सूट काढून हात आत घालून चाचपत होते, कोरडं, कोरडं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सांभाळायला हा सूट लहान मुलासारखा. आधी बाहेरून गोड्या पाण्यानं धुवायचा, झिप बंद ठेवून, सील वेगळे चोळून, मग उलटा टांगायचा, सावलीत. उन्हात नाही. आत घाम असतोच, आणि आमच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून बुटांत जुने पेपर कोंबते आणि टेबलफॅन झिपकडे तोंड करून लावते. पितळी झिपला बाहेरच्या बाजूनं साधी पांढरी मेणबत्ती घासते, दात नीट सरकतात, पण कापडाला मेण लागू द्यायचं नाही. झिप कुठंही मोडून दुमडायची नाही, एक दात वाकला तर सगळी झिप बदलावी लागते आणि ती सुटाच्या किमतीच्या मानानं स्वस्त नसते. सील टाल्क लावून, सूट गुंडाळून, फळीवर. बोगमाळोच्या किनाऱ्यावरून बेटं दिसतात तिकडे मी आता बघते ते वाऱ्याचा अंदाज घ्यायला, धुवायला पाणी आहे का, वाळवायला सावली आहे का, हा हिशोब आधी डोक्यात.

राहिल्या तीन. आठवी रविवारी आहे, आणि ती जाड इनर घालून करायची आहे, सिल्फ्रात जो घालणार तोच, म्हणजे वजन पुन्हा शून्यापासून. सरांच्या अंदाजानं बारा किलो लागेल. अठ्ठावीस डिग्री पाण्यात ते सोसणार नाही, म्हणून फक्त पंधरा मिनिटं, चार मीटरवर, वजन बघायचं आणि वर यायचं. बोट पहाटे निघणार, ऊन चढायच्या आत परत. तांडेल काकांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी दोन नाही, चार बादल्या लागतील.

आणि रोज संध्याकाळी आई मालिका बघत असते तेव्हा मी शेजारी बसून, पाच मिलिमीटरचे हातमोजे घालून, मांडीवर सूट घेऊन, होज लावते आणि काढते. काल न बघता अठरा वेळा झालं. एकोणिसाव्याला कडी सटकली.